श्रमदान, घर आणि विद्यार्थी : एका पडलेल्या भिंतीचा धडा

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेत असल्यापासून पाठ करीत आलो आहोत. त्यांपैकी अन्न रोज लागते, वस्त्र वर्षा-दोन वर्षांनी लागते. घर मात्र गरीब माणूस बहुधा आयुष्यात एकदाच बांधतो. म्हणून घर बांधताना झालेली चूक दुरुस्त करण्याची संधी त्याला पुन्हा मिळत नाही. दुसऱ्याच्या घराला हात लावणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जंगलव्याप्त जिल्ह्यांत दर वर्षी महाविद्यालयांची शिबिरे होतात. विद्यार्थी खेड्यात राहतात, रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात, बंधारे घालतात आणि काही ठिकाणी एखाद्या निराधार कुटुंबाचे घर उभे करण्यासही हातभार लावतात. हे काम चांगलेच आहे, याविषयी दुमत नाही. तथापि शिबिराची गाडी गावातून निघून गेल्यावर त्या घरमालकाच्या हाती काय उरते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. संस्थेचे सभासद आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांनी तो शांतपणे वाचावा, ही विनंती.

अनुभव

सन १९९९ च्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट आहे. मी तेव्हा कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे सात दिवसांचे शिबिर आरमोरीच्या पुढे जंगलालगतच्या एका गावी लागले होते. आम्ही चाळीस विद्यार्थी होतो. त्यांत बारा-तेरा मुली होत्या. गावात एक एकटी राहणारी आजीबाई होती. पावसाळ्यात तिच्या घराच्या दोन भिंती खचल्या होत्या. त्या मातीच्या भिंती आपण पुन्हा उभ्या करून द्यायच्या, असे पहिल्याच दिवशी ठरले.

गावातले एक म्हातारे मिस्त्री आम्हाला शिकवायला आले. माती कशी भिजवायची, तिच्यात तणस किती घालायची, पायाने किती वेळ तुडवायची हे त्यांनी दाखविले. एक गोष्ट त्यांनी दोन-तीनदा बजावून सांगितली. भिंतीचा हातभर थर चढवला की थांबायचे, तो वाळू द्यायचा, मग वरचा थर घ्यायचा. पहिले चार दिवस आम्ही तसेच केले. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंत कमरेपर्यंतच आली होती. सातव्या दिवशी समारोप होता. पाहुणे येणार होते, फोटो काढणारा येणार होता. पाचव्या दिवशी मिस्त्रींच्या घरी धानाचे चुरणे होते म्हणून ते आले नाहीत. आम्हाला तेवढेच हवे होते. त्या दिवशी आम्ही ओल्या मातीवर ओली माती असे एकदम तीन थर चढवले आणि डोक्याएवढी भिंत झाली म्हणून टाळ्या वाजवल्या.

रात्री ती भिंत बसली. छप्पर लाकडाच्या खांबांवर पेललेले होते म्हणून ते खाली आले नाही आणि आजीबाई शेजारच्या घरी झोपायला गेल्या होत्या म्हणून कोणाला इजा झाली नाही. सकाळी आम्ही माना खाली घालून उभे होतो. आजीबाईंनी मातीचा ढीग पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पोट्टेहो, भित तं पडली. आता चाय तं घ्या."

समारोप ठरल्याप्रमाणे शाळेच्या पटांगणात झाला. माझे अक्षर बरे होते आणि भाषा बरी होती म्हणून शिबिराचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्यात मी लिहिले की, शिबिरार्थींनी एका निराधार वृद्धेस घर बांधून दिले. मला तसे लिही असे कोणी सांगितले नव्हते. मीच ते लिहिले.

पुढल्या वर्षी एका मित्राबरोबर त्या गावावरून जाणे झाले. आजीबाईंच्या भिंती उभ्या होत्या. त्या मिस्त्रींनी आणि आजीबाईंच्या भाच्याने आमच्या मागे वीस दिवस खपून उभ्या केल्या होत्या. आमची पडलेली माती आधी उपसावी लागली, ते काम वेगळेच. मी काही बोलू लागलो तेव्हा आजीबाई हसून म्हणाल्या, "तुमी सात दिवसाचे पावने गा बाबू. घरात तं मलेच रायना हाये."

आज मी बँकेत कारकून आहे. आमच्याकडे चुकीची नोंद झाली तर ती त्याच दिवशी शोधून दुरुस्त करावी लागते. त्याशिवाय कोणी घरी जात नाही. त्या अहवालातली चुकीची नोंद मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. ती मी येथे दुरुस्त करीत आहे.

श्रमशिबिरांची परंपरा

दुसऱ्याचे घर बांधण्यासाठी परक्या माणसांनी एकत्र येऊन राबायचे, ही कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली पिएर सेरेझोल या स्वित्झर्लंडच्या गृहस्थाने फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावी पहिले श्रमशिबिर भरविले. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांतील तरुण, जर्मन तरुणसुद्धा, तेथे घरे उभारायला आले. यातूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना जन्मली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेझोल आपल्या सहकाऱ्यांसह भारतात आले आणि तेथील गावे पुन्हा वसविण्याच्या कामी लागले.

याच संघटनेचा संबंध पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याशी आला. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहू लागले. त्या काळी कुष्ठरोगाची धास्ती एवढी होती की गावातील माणूस तिकडे फिरकत नसे. अशा वेळी १९५० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले आणि इमारती बांधण्यासाठी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून राबले. परदेशची माणसे येथे राहतात, जेवतात, विटा वाहतात आणि त्यांना काही होत नाही, हे पाहून आसपासच्या लोकांची भीती कमी होऊ लागली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वयंसेवकांनी भिंती बांधल्या हे खरे. पण समाजाच्या मनातली भिंत खाली येऊ लागली, हे त्यांचे मोठे काम होय. आणि ते काम रुग्णांना बाजूला बसवून झाले नाही. आनंदवनाच्या पुढच्या बहुतेक इमारती कुष्ठमुक्त माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधल्या.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. सकाळी कुदळ-फावडे आणि नंतर चर्चा, असा तिचा क्रम. या छावणीतून आलेले काही तरुण पुढे भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे कामाला गेले. २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी सुरुवातीला साध्या झोपड्यांत राहिले. रस्ता नव्हता, वीज नव्हती. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटत असे. छावणीचे खरे फळ कोणते, याचे उत्तर येथे मिळते. छावणीत किती घनफूट माती उपसली हे आज कोणी विचारीत नाही. छावणी संपल्यावर कोण मागे राहिले, हे विचारले जाते.

१९६९ हे महात्मा गांधींचे जन्मशताब्दी वर्ष. त्या वर्षी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि खेड्यातील शिबिर ही गोष्ट महाविद्यालयीन जीवनाचा भाग बनली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडी भिंती, मातीत केलेले बांधकाम आणि डोक्यावर मातीचे जड धाबे यांखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. राज्यभरातून तरुण मदतीला धावले. जड आणि दगडी म्हणजे मजबूत नव्हे, हा बांधकामाचा कठोर धडा महाराष्ट्राने त्या वेळी शिकला. २००६ साली लोणावळ्याजवळ मालवली येथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर हे सुमारे दोन हजार स्वयंसेवकांसह आठवडाभर राबले आणि शंभर घरे उभी राहिली. तेथे घर मिळणाऱ्या कुटुंबालाही आपल्या घरासाठी स्वतः राबावे लागे आणि घराची रक्कम हप्त्याने फेडावी लागे. फुकट मिळाल्याची खंत त्यामुळे राहत नाही.

मघाची कथा

आपल्या सभासदांना कुलावक जातकातील मघाची कथा ठाऊक असेल. मगधातील मचल गावचा मघ हा तरुण. त्याने गावातील तीस कुटुंबांतल्या पुरुषांना एकत्र केले. पहाटे उठून कुऱ्हाडी घेऊन ते निघत. रस्त्यातले दगड बाजूला करीत, गाड्यांच्या आसाला लागणारी झाडे तोडीत, पूल बांधीत, तळी खणीत. गावच्या मुख्याला हे खपले नाही. लोक व्यसनापासून दूर झाल्याने त्याची मिळकत बुडाली होती. त्याने राजाकडे खोटी चहाडी केली. पण अखेर सत्य बाहेर आले.

यापुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चवाठ्यावर वाटसरूंसाठी मोठी धर्मशाळा बांधायचे त्यांनी ठरविले. पण या पुण्यकार्यात स्त्रियांना वाटा द्यायचा नाही असेही ठरविले. मघाच्या घरातील सुधम्मा हुशार होती. तिने सुताराला गाठून आधीच लाकूड वाळवून, तासून कळस तयार करून ठेवायला लावला. इमारत पूर्ण होत आली तेव्हा सुतार म्हणाला की कळस हवा आणि तो ओल्या लाकडाचा चालत नाही. आधी तोडून वाळवलेले लाकूड पाहिजे. शोधता शोधता तयार कळस फक्त सुधम्माकडे सापडला. पैशाने तो देण्यास तिने नकार दिला. कामात वाटा मागितला. तो द्यावाच लागला.

या कथेचा अर्थ पुण्याच्या हिशेबाने लावला जातो. मी तो घरबांधणीच्या हिशेबाने लावतो. एक म्हणजे, लाकूड असो की माती, तिला वाळायला लागणारा वेळ द्यावाच लागतो. उत्साहाने ती लवकर वाळत नाही. दुसरे म्हणजे, ज्याला आपण कामातून वगळतो त्याच्याकडेच बहुधा अडलेल्या कामाची किल्ली असते. आमच्या शिबिरात मुलींना स्वयंपाकाकडे ठेवले होते. त्यांतल्या चौघी-पाच जणी खेड्यातल्या होत्या. मातीच्या घरात वाढल्या होत्या, दर वर्षी भिंती लिंपत होत्या. ओल्यावर ओले चढवू नका, हे त्यांनी आम्हाला नक्की सांगितले असते. आम्ही विचारलेच नाही.

थोडा हिशेब

कारकुनाची सवय म्हणून थोडी आकडेमोड करतो. चाळीस विद्यार्थ्यांचे सात दिवसांचे शिबिर धरू. येणे-जाणे, उद्घाटन व समारोप वगळता कामाचे पाच दिवस उरतात. दिवसाला चार तास श्रमदान. चाळीस गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ८०० तास. आठ तासांचा एक दिवस धरल्यास १०० मनुष्यदिवस. पण सवय नसलेल्या हातांचे काम सराईत मजुराच्या निम्मे धरले पाहिजे. म्हणजे उरले ५०.

आता घराकडे पाहू. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले आणि अनुदानाशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी त्यास जोडली गेली. म्हणजे सरकारी हिशेबानेच एका लहान घराला गवंड्याशिवाय नव्वदवर दिवसांची मजुरी लागते. आमचे चाळीस जणांचे शिबिर जेमतेम अर्ध्या घराची मजुरी पुरी करू शकते. 'घर बांधून दिले' हे वाक्य यापुढे जपून वापरावे.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी जाऊ नये असा नाही. कोणते काम घ्यावे हे ओळखावे, असा आहे. जोते भरण्याचे काम घ्या. २५ चौरस मीटर जागेत दीड फूट उंच मुरूम भरायचा तर सव्वाअकरा घनमीटर मुरूम लागतो. दबाईनंतर भर कमी होते, हे धरून हजारावर घमेली होतात. दोन माणसांच्या कुटुंबाला हे काम आठवडाभर पुरते. चाळीस जण रांग करून हातोहात घमेली देऊ लागले तर दोन सकाळींत उरकते. त्यात कौशल्य फारसे लागत नाही, चुकले तर सुधारता येते आणि त्या कुटुंबाची मजुरी खरोखर वाचते. विटा उतरविणे, रेती चाळणे, जुन्या घराचे कवेलू न फोडता उतरवून रचून ठेवणे, ही अशीच कामे होत. पाया, कोपरे, ओळंबा, सळाखी आणि छप्पर ही गवंड्याची व सुताराची कामे आहेत; ती त्यांच्याकडेच राहू द्यावीत.

आणखी एक काम आहे, ज्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून ते कोणी घेत नाही. ते म्हणजे सिमेंटच्या कामावर पाणी मारणे. सिमेंट पाण्यावर घट्ट होत जाते. निदान सात दिवस, शक्य तर त्याहून अधिक, ते ओले ठेवावे लागते. आपल्याकडच्या उन्हात दुपारी मारलेले पाणी तासाभरात उडून जाते. शिबिर गेल्यावर पाणी कोणी मारायचे, हे आधी ठरले नसेल तर भिंत उभी राहते पण तिच्यात दम राहत नाही.

पासबुकाच्या बाजूने

आमच्या काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी येऊन विचारते, "साहेब, घरकुलाचा हप्ता आला का?" घरकुलाची योजना आपल्याकडे नवी नाही. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली. पुढे अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास आणि आदिवासींसाठी शबरी घरकुल या राज्याच्या योजना आल्या. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. ही रक्कम एकदम मिळत नाही. काम जसजसे वर चढते तसतसे हप्ते खात्यात येतात. येथेच गरिबाची कोंडी होते. जोते झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही आणि हाती पैसा नसल्याने जोते होत नाही. विद्यार्थ्यांनी जोत्यासाठी दिलेल्या दोन सकाळींची किंमत म्हणूनच मोठी आहे. त्यांच्या घामाने एक थांबलेला हप्ता मोकळा होऊ शकतो.

कित्येकदा अडचण विटांची नसून कागदाची असते. पासबुकावर एक नाव, आधारावर दुसरे. खात्याला आधार जोडलेला नाही. दोन वर्षे व्यवहार न झाल्याने खाते निष्क्रिय झालेले. म्हातारी माणसे वीस-पंचवीस किलोमीटरवरून येतात आणि एका कागदासाठी परत जातात. शिबिरातल्या चार विद्यार्थ्यांनी दोन दिवस ओसरीवर बसून लोकांचे पासबुक वाचून दाखवले, नावे जुळवून पाहिली, कोणता कागद कमी आहे ते लिहून दिले, तर तेही घरबांधणीचेच काम आहे. मात्र कोणाचा अंगठा आपण घेऊ नये, कोणाच्या मोबाईलवर आलेला आकडा विचारू नये आणि कोणाचे पासबुक रात्री आपल्याजवळ ठेवू नये. विश्वास हेही एक घरच आहे. ते पडले तर पुन्हा लवकर उभे राहत नाही.

गावाचे म्हणणे आधी

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव सर्वसहमतीच्या कारभारासाठी प्रसिद्ध आहे. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, या गावाने आपले गोटुल लाकडाचे बांधले होते. वनखात्याने ते पाडले, तेव्हा गावाने माघार न घेता ते पुन्हा उभे केले. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. कोणत्या लाकडावर कोणाचा हक्क, हा प्रश्नही त्यात असतो, हे या उदाहरणावरून दिसते. बाहेरून येणाऱ्या शिबिराने गावाच्या सभेत बसून आधी ऐकावे. घर कोणाचे बांधायचे, हे प्राध्यापकांनी किंवा पुढाऱ्यांनी ठरवू नये.

वेळही गावाला विचारून ठरवावी. डिसेंबरात धानाची चुरणी असते. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोह वेचायला जातात. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो आणि त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर पुष्कळ घरांचा वर्षाचा किराणा अवलंबून असतो. अशा वेळी घरमालकाला 'तुमच्यासाठी आलो आहोत, तुम्हीही थांबा' म्हणणे म्हणजे त्याची मजुरी बुडविणे होय. चुरणे आटोपल्यानंतरचा आणि मोह पडण्यापूर्वीचा काळ त्या मानाने सोयीचा. पाण्याचाही विचार हवा. चाळीस जणांनी माणशी वीस लिटर पाणी वापरले तरी दिवसाला ८०० लिटर होते. एकाच हातपंपावरच्या गावाला हा पाहुणचार महागात पडतो.

घराच्या पद्धतीविषयीही उतावीळपणे मत देऊ नये. मातीच्या भिंती, बांबूचे कूड, ऐन-सागाचे खांब आणि कवेलूचे छप्पर यांचे घर उन्हाळ्यात थंड राहते. सिमेंटचे छत किंवा टिनाचे पत्रे असलेल्या खोलीत चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बसवत नाही. दुसऱ्या बाजूने मातीच्या घराला दर वर्षी लिंपण लागते, वाळवी लागते, साप-विंचवाचे भय असते. म्हणून पक्के घर मागणाऱ्याला आपण शहरातल्या घरात राहून मातीचे कौतुक सांगू नये. ज्याला राहायचे आहे त्याचा निर्णय शेवटचा.

समारोप

आपल्या वस्त्यांतील कितीतरी विहारे लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून उभी राहिली आहेत. दिवसभर मजुरी करून आलेल्या माणसांनी रात्री कंदिलाच्या उजेडात विटा वाहिल्या आहेत. तेथे कोणी पाहुणा नव्हता आणि कोणी लाभार्थी नव्हता. भिंत वाकडी झाली तर तीच माणसे ती उतरवून पुन्हा बांधीत, कारण तेथे त्यांनाच बसायचे होते. दुसऱ्याच्या घरी श्रमदानाला जाताना ही वृत्ती बरोबर नेली पाहिजे. सात दिवसांत घर होत नाही. सात दिवसांत एक काम नीट पुरे होते, एक माणूस ओळखीचा होतो आणि आपल्याला काय येत नाही ते कळते. एवढे झाले तरी शिबिर वाया गेले असे म्हणता येणार नाही.

आणि अहवाल लिहिताना जेवढे झाले तेवढेच लिहावे. 'जोते भरून दिले; भिंत गावकऱ्यांनी बांधली' असे लिहिण्यात कमीपणा नाही. मी १९९९ साली 'भिंत पडली' एवढे दोन शब्द लिहिले असते, तर पुढच्या वर्षी गेलेल्या मुलांनी निदान ओल्या मातीवर ओली माती चढवली नसती.

विद्यार्थ्यांनी चर्चा करावी असे प्रश्न

१. आपल्या मागील शिबिरात जे काम झाले, त्याची आज स्थिती काय आहे? कोणी जाऊन पाहिले काय?

२. पन्नास विद्यार्थी, सहा दिवस, रोज तीन तास, या हिशेबाने किती मनुष्यदिवस होतात? त्यात कोणते काम पूर्ण होऊ शकेल?

३. सुधम्मेला कामातून वगळण्यात कोणती चूक झाली? आपल्या शिबिरात कोण वगळले जाते?

४. आपल्या गावातील मातीचे एक जुने घर व घरकुलाचे एक नवे घर पाहून खर्च, थंडावा, टिकाऊपणा आणि दुरुस्ती या चार मुद्द्यांवर त्यांची तुलना करा. त्या घरांत राहणाऱ्या स्त्रियांचे मत स्वतंत्र लिहा.

५. शिबिर संपल्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा त्या गावी कोण जाणार, हे शिबिराला निघण्यापूर्वी ठरवता येईल काय?